तिकीट उलटून पाहा: नव्या संग्राहकांसाठी शब्दओळख

टपाल तिकिटांच्या लिलावाच्या यादीत अशी एखादी ओळ हमखास भेटते: 'परफ १५ बाय १४, वॉटरमार्क इन्व्हर्टेड, माउंटेड मिंट, एक शॉर्ट परफ, बाकी फाइन.' नवख्याला त्यातून काहीच उमगत नाही. मुरलेल्या संग्राहकाला मात्र तिकीट न पाहताही त्याची कडा, कागद, मागचा डिंक आणि दोष डोळ्यांसमोर दिसतात. हे शब्द अकारविल्हे पाठ करून येत नाहीत. चार-दोन साधी तिकिटे समोर घ्या. त्यांत एखादे कोरे आणि एखादे शिक्का मारलेले असेल तर उत्तम. तिकीट ज्या क्रमाने हाताळले जाते त्याच क्रमाने आपण शब्द घेऊ. यातले बरेचसे शब्द कळले की तिकिटाचे काय करायचे, यापेक्षा काय करायचे नाही, हे आधी कळते.

१. हात लावण्याआधी

तिकीट बोटांनी धरायचे नाही, चिमट्याने धरायचे. हा चिमटा वेगळा असतो: टोके चपटी, गुळगुळीत आणि बोथट. भुवया कोरायचा चिमटा चालत नाही, कारण त्याच्या खाचा कागदावर उमटतात. सोबत दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि तिकिटाच्या कडेची छिद्रे मोजायची पट्टी, म्हणजे परफोरेशन गेज, एवढे असले की सुरुवात होते. तिकिटे ठेवायला स्टॉकबुक घ्या. त्याच्या जाड पानांवर पारदर्शक पट्ट्या असतात आणि तिकीट त्यांत नुसते सरकवायचे असते, चिकटवायचे नसते. पीव्हीसीचे कप्पे टाळा. ते प्लास्टिक मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले रसायन काही वर्षांनी झिरपते आणि तिकिटाचा रंग व डिंक दोन्ही बिघडवते.

२. पाकिटावरचे तिकीट लगेच काढू नका

टपालातून प्रवास केलेल्या, तिकीट लावलेल्या अख्ख्या पाकिटाला 'कव्हर' म्हणतात. पाकिटाचा तिकीट आणि शिक्क्यासह कापलेला तुकडा म्हणजे 'ऑन पीस'. पोस्टकार्ड किंवा आंतर्देशीय पत्रासारख्या ज्या वस्तूंवर तिकीट आधीच छापलेले असते, त्यांना 'पोस्टल स्टेशनरी' म्हणतात. त्यावरचे छापील तिकीट कापून काढले तर त्याला 'कट स्क्वेअर' म्हणतात, आणि बहुतेक वेळा तो मूळ वस्तूचा सत्यानाशच असतो.

पाकिटाचे महत्त्व कळायला जगातले पहिले चिकटवायचे तिकीट पाहा. ब्रिटनचे पेनी ब्लॅक १ मे १८४० रोजी विक्रीला आले, पण वापरायची तारीख ठरली होती ६ मे. काही लोकांना धीर धरवला नाही. २ मे १८४० चा शिक्का असलेले पाकीट आज प्रसिद्ध आहे, कारण त्यावरचे तिकीट अधिकृत तारखेच्या चार दिवस आधी वापरले गेले. तेच तिकीट कोणी पाण्यात घालून सोडवले असते, तर उरले असते एक साधे वापरलेले पेनी ब्लॅक. तारीख, गाव, टपालाचा दर आणि मार्ग हे सगळे पाकीट सांगते. म्हणून जुने पाकीट, दुर्मीळ गावाचा शिक्का, एकाहून अधिक देशांचे शिक्के किंवा रजिस्टरचे लेबल असे काही दिसले, तर ते अख्खेच ठेवा.

बाकी रोजच्या टपालातली तिकिटे सोडवायला हरकत नाही. कागदासकट वजनावर विकल्या जाणाऱ्या अशा तिकिटांना 'किलोवेअर' म्हणतात आणि शिकायला याहून चांगला माल नाही. तिकिटाभोवती थोडा कागद ठेवून तुकडा कापा, चित्र वर ठेवून साध्या पाण्यावर तरंगत सोडा आणि डिंक सुटला की तिकीट आपोआप सरकेल. ओढू नका. रंगीत पाकिटांचे तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवा, नाहीतर लाल पाकिटाचा रंग बाकीच्यांना लागतो. मग तिकिटे टिपकागदावर पालथी वाळवा आणि जाड पुस्तकात दाबा. एक अडचण सेल्फ-अॅडहेसिव्ह तिकिटांची. असे पहिले तिकीट सिएरा लिओनने १९६४ मध्ये काढले आणि आता बऱ्याच देशांत तीच रूढ आहेत. त्यांतली पुष्कळशी पाण्याला अजिबात दाद देत नाहीत. ती नीट चौकोनी कापून कागदासकटच ठेवावीत.

३. पुढची बाजू: हे कुठले आणि कशासाठी?

देश ओळखणे नेहमी सोपे नसते. 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'माग्यार' म्हणजे हंगेरी, 'स्वेरिये' म्हणजे स्वीडन. आणि देशाचे नावच नसेल, नुसता राजाचा किंवा राणीचा चेहरा असेल, तर बहुधा ते ब्रिटन. चिकट तिकिटे पहिल्यांदा त्यांनीच काढली, त्यामुळे नाव घालायची गरज त्यांना तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

मग प्रकार. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा छापली जाणारी रोजच्या वापराची तिकिटे 'डेफिनिटिव्ह', आणि एखाद्या व्यक्तीच्या किंवा प्रसंगाच्या निमित्ताने ठरावीक संख्येत काढलेली 'कमेमोरेटिव्ह', म्हणजे स्मारक तिकिटे. नवख्यांना स्मारक तिकिटे आवडतात, कारण ती देखणी असतात. अभ्यासाला खरा वाव मात्र डेफिनिटिव्हमध्ये आहे. तीच रचना दहा-वीस वर्षे छापताना कागद बदलतो, त्यातली खूण, म्हणजे वॉटरमार्क, बदलतो, छिद्रे बदलतात, आणि हे सगळे बदल आपल्याला हुडकता येतात. सरकारी कामापुरती 'सर्व्हिस', कमी पडलेला दर वसूल करण्यासाठीची 'पोस्टेज ड्यू', आणि कर-शुल्कासाठीची 'रेव्हेन्यू' हे प्रकार नावावरून कळतात. जे टपालाचे तिकीट नाहीच, पण तसे दिसते, ते 'सिंड्रेला': प्रदर्शनांची लेबले, देणगीची लेबले वगैरे.

आधी छापलेल्या तिकिटावर नंतर वेगळा मजकूर छापला तर तो 'ओव्हरप्रिंट'. त्या मजकुराने किंमत बदलली तर 'सरचार्ज'. १९२३ मध्ये जर्मनीत चलन इतके कोसळले की शेकड्यांच्या मार्कांच्या तिकिटांवर लाखांचे आकडे छापावे लागले आणि तेही काही दिवसांतच अपुरे पडले. ओव्हरप्रिंट असलेल्या महागड्या तिकिटाकडे कायम संशयाने बघा. साध्या तिकिटावर चार अक्षरे छापणे हे बनावटगिरीतले सगळ्यात सोपे काम आहे.

४. आता उलटा

नवखा पुढची बाजू बघतो, विक्रेता मागची. न वापरलेल्या तिकिटाच्या मोलाचा मोठा भाग या मागच्या डिंकात असतो.

'मिंट' म्हणजे टपाल खात्यातून निघाले तसे, न वापरलेले आणि डिंकासह. पण मिंटचेही पोटभेद आहेत. पूर्वी तिकिटे अल्बमात लावायला 'हिंज' वापरत: मागे डिंक असलेला पातळ कागदाचा चिमुकला तुकडा, मधोमध दुमडून अर्धा तिकिटाला आणि अर्धा पानाला चिकटवलेला. तो काढला की डिंकावर खूण राहते. अशी खूण असलेले तिकीट 'माउंटेड मिंट' किंवा 'हिंज्ड'. जे कधीच हिंजला लागले नाही ते ब्रिटिश यादीत 'अनमाउंटेड मिंट' आणि अमेरिकन यादीत 'मिंट नेव्हर हिंज्ड', म्हणजेच एमएनएच. 'ओजी' लिहिले असेल तर 'ओरिजिनल गम', म्हणजे मूळचा डिंक. नुसते 'अनयूज्ड' लिहिले असेल तर सावध व्हा, डिंक गेलेला असू शकतो. काही तिकिटे मुळातच डिंकाशिवाय निघाली, चीनची बरीच तिकिटे तशी आहेत. तिथे डिंक नसणे हा दोष नाही. उलट डिंक असला तर प्रश्न विचारावा.

डिंकाला एवढे मोल आल्यावर तो नव्याने लावणारेही आले. अशा तिकिटाला 'रीगम्ड' म्हणतात. ओळखायची एक चांगली युक्ती कडेला आहे. मूळ तिकिटांच्या पत्र्याला, म्हणजे अनेक तिकिटे एकत्र छापलेल्या मोठ्या कागदाला, आधी डिंक लागतो आणि मग छिद्रे पडतात, त्यामुळे फाडलेल्या दात्यांच्या टोकांचे तंतू मऊ आणि कोरडे असतात. नंतर लावलेला डिंक या तंतूंत मुरतो आणि टोके कडक होतात. भिंगाखाली फरक दिसतो.

मागच्याच बाजूला 'थिन' दिसते. हिंज जबरदस्तीने ओढला की कागदाचा पापुद्रा निघतो आणि तिथे तिकीट पातळ होते. उजेडासमोर धरले की तो ठिपका उजळ दिसतो. 'क्रीज' म्हणजे घडी, 'टोनिंग' म्हणजे दमटपणाने आलेले तपकिरी डाग. माझे मत विचाराल तर एमएनएचसाठी दुप्पट-तिप्पट मोजण्याचा सोस सुरुवातीला करू नये. हलकी हिंजखूण असलेले नीटस जुने तिकीट अभ्यासाला तितकेच उपयोगी असते. मात्र स्वतः हिंज लावत बसू नका. स्टॉकबुक किंवा पारदर्शक 'माउंट', म्हणजे तिकिटापुरता छोटा कप्पा, वापरा.

५. कडा: मोजल्याशिवाय बोलू नये

पहिली तिकिटे कात्रीने कापावी लागत. अशा विनाछिद्र तिकिटाला 'इम्परफोरेट' किंवा थोडक्यात 'इम्परफ' म्हणतात. तिथे 'मार्जिन' बघतात: चारही बाजूंना चित्राबाहेर पांढरी पट्टी शिल्लक असेल तर 'फोर मार्जिन'. हेन्री आर्चरने छिद्रे पाडायचे यंत्र तयार केले आणि ब्रिटनमध्ये १८५४ पासून सच्छिद्र तिकिटे नियमित झाली.

मोजायची रीत साधी आहे. दोन सेंटिमीटर लांबीत किती छिद्रे येतात, तो आकडा म्हणजे परफोरेशन. ही पद्धत पॅरिसच्या डॉ. लग्राँ यांनी १८६६ मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. 'परफ १४' म्हणजे चारही बाजूंना १४. 'परफ १५ बाय १४' म्हणजे आडव्या बाजूंना, वर आणि खाली, १५, आणि उभ्या बाजूंना १४. आडवी बाजू आधी, हे पक्के लक्षात ठेवा. गेजवर तिकीट सरकवत न्यायचे. छिद्रे आणि छापील ठिपके कडेच्या टोकापासून टोकापर्यंत जुळले, की तो आकडा. मध्यावर जुळून टोकाला सरकत असतील तर अजून जुळलेले नाही.

एखादा दाता इतरांहून आखूड असेल तर 'शॉर्ट परफ'. छिद्र न पाडता कागदाला नुसते चिरे दिले असतील तर 'रूलेट'. सेल्फ-अॅडहेसिव्ह तिकिटांच्या कडा खऱ्या छिद्रांच्या नसतात. नागमोडी कापलेल्या असतात, त्याला 'डाय-कट' म्हणतात. समोरासमोरच्या दोन बाजू सरळ असतील तर ते गुंडाळीतले, 'कॉइल' तिकीट असू शकते. एक किंवा लगतच्या दोन बाजू सरळ असतील तर पुस्तिकेतले, 'बुकलेट' तिकीट असण्याची शक्यता जास्त.

'छिद्रे पडायची राहून गेलेले' म्हणून सुटे इम्परफ तिकीट कोणी देऊ केले तर घेऊ नका. रुंद मार्जिनचे सच्छिद्र तिकीट चारही बाजूंनी कापले की 'इम्परफ' तयार होते. म्हणूनच अशी चूक जोडीत मागतात: दोन तिकिटे सलग, मध्ये छिद्रे नाहीत, तर ती कात्रीची करामत नाही.

६. उजेडात आणि अंधारात

कागद तयार होतानाच त्यात उमटवलेली खूण म्हणजे 'वॉटरमार्क'. तिथे कागद किंचित पातळ असतो. आधी तिकीट उजेडासमोर धरून बघा. नाही दिसले तर काळ्या थाळीत पालथे ठेवून बघा. तरीही नाही, तर वॉटरमार्क फ्लुइडचे दोन थेंब. हे द्रव बहुधा चटकन पेट घेणारे असतात, खिडकी उघडी ठेवा, आणि फोटोग्रॅव्हर पद्धतीने छापलेल्या काही तिकिटांची शाई त्यात विरघळते, म्हणून आधी एखाद्या फुटकळ तिकिटावर करून पाहा.

एवढी खटपट कशासाठी? एलिझाबेथ राणीच्या तरुणपणीच्या चेहऱ्याची ब्रिटिश डेफिनिटिव्ह तिकिटे, संग्राहक ज्यांना 'वाइल्डिंग' म्हणतात, ती घ्या. १९५२ ला सुरू झाली तेव्हा वॉटरमार्क ट्यूडर मुकुटाचा होता, १९५५ पासून सेंट एडवर्डच्या मुकुटाचा, १९५८ पासून अनेक मुकुटांचा. त्यात १९५७ मध्ये काही तिकिटांच्या मागे काळ्या ग्रॅफाइटच्या रेघा आल्या, कारण टपालातली पत्रे यंत्राने लावून घेण्याचे प्रयोग चालू होते. १९५९ पासून पुढच्या बाजूला फॉस्फरचे, म्हणजे चमकणाऱ्या द्रव्याचे, पट्टे आले. ते अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली नीट दिसतात, काही वेळा तिकीट तिरके धरूनही दिसतात. चेहरा तोच, रंग तोच, किंमत तीच, पण कॅटलॉगमध्ये ही वेगवेगळी तिकिटे आहेत.

वॉटरमार्क उलटा असेल तर 'इन्व्हर्टेड', आडवा असेल तर 'साइडवेज'. उलटा म्हणजे दुर्मीळ, असे समजून उड्या मारू नका. पुस्तिकांसाठी छापताना पत्र्याचा अर्धा भाग उलटा छापत, त्यामुळे पुस्तिकांतली कितीतरी तिकिटे उलट्या वॉटरमार्कची असतात.

७. छपाई

चार पद्धती ओळखता आल्या तरी पुष्कळ. 'रिसेस' किंवा 'इंटाग्लिओ' छपाईत शाई कागदावर उंच बसते. भिंगाखाली बारीक कोरलेल्या रेघा दिसतात आणि तिकीट तिरके धरले की उठाव जाणवतो. 'लेटरप्रेस'मध्ये ठसा दाबला जातो, त्यामुळे रेघेच्या कडेला शाई जमते आणि कधी मागे दाब उमटतो. 'लिथोग्राफी' सपाट. 'फोटोग्रॅव्हर'मध्ये सगळे चित्र बारीक, एकसारख्या जाळीचे असते आणि अक्षरांच्या कडाही करवतीसारख्या दिसतात. हे वाचून येत नाही. प्रत्येक पद्धतीचे एकेक खात्रीचे तिकीट शेजारी ठेवून भिंगातून बघितले की येते.

इथेच 'प्लेट' हा शब्द येतो, म्हणजे ज्या धातूच्या पाटीवरून अख्खा पत्रा छापतात ती. पेनी ब्लॅकच्या पत्र्यात २० ओळी आणि १२ रकाने, एकूण २४० तिकिटे होती. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे पत्रा बरोबर एक पौंडाचा. प्रत्येक तिकिटाच्या खालच्या कोपऱ्यांतली दोन अक्षरे त्याची पत्र्यातली जागा सांगतात: पहिले ओळ, दुसरे रकाना. नंतरच्या पेनी रेडमध्ये, म्हणजे त्याच किमतीच्या लाल तिकिटात, चित्राच्या दोन्ही कडांच्या नक्षीत प्लेटचा आकडाही कोरलेला आहे. हजारोंनी मिळणाऱ्या या तिकिटात '७७' निघाला तर ते जगातल्या दुर्मीळ तिकिटांपैकी एक. म्हणून त्यावर '७३' किंवा '१७७'चे '७७' करणारेही झाले.

८. शिक्का

'सीडीएस' म्हणजे गोल शिक्का, त्यात गाव आणि तारीख. फक्त तिकीट बाद करणारा जाड ठसा म्हणजे 'किलर'. घोषवाक्य असलेला 'स्लोगन', खास प्रसंगाचा चित्रमय तो 'पिक्टोरियल'. तिकीट निघाले त्याच दिवसाचा शिक्का असलेले पाकीट म्हणजे 'फर्स्ट डे कव्हर', अर्थात एफडीसी. पेनी ब्लॅकवर लाल माल्टीज क्रॉसचा शिक्का मारत. काळ्यावर लाल नीट दिसेना, शिवाय तो पुसताही येई, म्हणून १८४१ मध्ये तिकीटच लाल केले आणि शिक्का काळा.

'सीटीओ' लक्षात ठेवा: 'कॅन्सल्ड टू ऑर्डर'. टपाल खात्याने पत्र्यावर शिक्के मारून थेट संग्राहकांच्या बाजारात विकलेली तिकिटे. कोपऱ्यात नेटका पाव शिक्का आणि मागे शाबूत डिंक, ही त्यांची खूण. मुलांच्या अल्बमला छान, पण खऱ्या टपालातून आलेल्या, म्हणजे 'पोस्टली यूज्ड', तिकिटाच्या भावाने ती घेऊ नयेत.

९. फाडण्याआधी

वेगळ्या चित्रांची तिकिटे शेजारी छापून चिकटलेली असतील तर 'से-टेनंट'. एक सुलटे, शेजारचे उलटे असेल तर 'टेट-बेश'. मध्ये कोऱ्या कागदाची पट्टी ठेवून दोन तिकिटे असतील तर 'गटर पेअर'. दोन बाय दोनचा गट म्हणजे 'ब्लॉक ऑफ फोर'. पत्र्याच्या कडेची कोरी पट्टी 'सेल्व्हेज', तिच्यावर कधी प्लेट नंबर, तर कधी प्रत्येक शाईचे एकेक रंगीत ठिपके असतात. त्या ठिपक्यांना 'ट्रॅफिक लाइट्स' म्हणतात. एक किंवा मोजकी तिकिटे सजवलेल्या छोट्या कागदावर असली की 'मिनिएचर शीट'. यातले काहीही दिसले तर वेगळे करू नका.

१०. चुका, आणि ज्या चुका नाहीत

चित्र उलटे, रंगच गायब, छिद्रेच नाहीत असे असेल तर 'एरर'. पत्र्यातल्या ठरावीक जागी प्रत्येक वेळी उमटणारा दोष म्हणजे 'कॉन्स्टंट व्हरायटी'. शाईचा फराटा किंवा रंगाचे थोडे सरकणे म्हणजे 'फ्रीक'. नवख्यांना सापडतात ते बहुधा फ्रीक.

उलट्या चित्राची चूक होते ती दोन रंग दोन खेपांत छापताना. कागद दुसऱ्या खेपेला उलटा गेला की झाले. भारताच्या १८५४ च्या चार आण्यांच्या तिकिटात व्हिक्टोरिया राणीचे डोके असेच उलटे झाले. अमेरिकेच्या १९१८ च्या चोवीस सेंटच्या तिकिटात विमान उलटे छापले गेले. शंभर तिकिटांचा एकच पत्रा खिडकीतून विकला गेला आणि 'इन्व्हर्टेड जेनी' जगभर गाजले. १९६२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे दिवंगत सरचिटणीस डाग हॅमरशल्ड यांच्या तिकिटाचा पिवळा रंग उलटा छापला गेला, तेव्हा मात्र अमेरिकन टपाल खात्याने तीच चूक मुद्दाम लाखोंनी छापून तिचे दुर्मीळपण संपवले. ज्यांच्याकडे मूळ चूक होती त्यांचा चडफडाट समजण्यासारखा आहे.

११. कॅटलॉग, दर्जा आणि बनावट माल

ब्रिटनचा स्टॅन्ली गिबन्स, अमेरिकेचा स्कॉट, जर्मनीचा मिशेल आणि फ्रान्सचा इव्हेर ए तेलिए हे चार कॅटलॉग सगळीकडे चालतात. प्रत्येकाचे आकडे वेगळे असतात, म्हणून नोंद करताना आकड्याआधी कॅटलॉगचे नाव लिहा. त्यांतली किंमत निर्दोष तिकिटाची असते, तुमचे तिकीट विकायला नेल्यावर हातात पडणारी नव्हे. चित्र चौकटीत किती मधोमध आहे ते 'सेंटरिंग'. 'सुपर्ब', 'व्हेरी फाइन', 'फाइन', 'अॅव्हरेज' या पायऱ्या विक्रेत्यागणिक थोड्या हलतात. फाटके-तुटके पण जागा भरणारे तिकीट म्हणजे 'स्पेस फिलर', आणि दुर्मीळ तिकिटांच्या बाबतीत तो मान खाली घालण्याचा प्रकार नाही.

टपाल खात्याला फसवायला केलेले 'पोस्टल फोर्जरी', संग्राहकाला फसवायला केलेले नुसते 'फोर्जरी'. जुन्या प्लेटवरून नंतर अधिकृतपणे छापलेले 'रीप्रिंट'. जाँ द स्पेराती हा फोर्जरीतला उस्ताद. तो स्वस्त खऱ्या तिकिटांवरची शाई धुऊन त्याच कागदावर महाग तिकीट छापत असे, त्यामुळे कागद आणि छिद्रे अस्सल, कधी कधी शिक्काही अस्सल. १९५० च्या दशकात त्याचा साठा ब्रिटनच्या फिलाटेलिक, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, संघटनेने विकत घेतला, तो बाजारात पसरू नये म्हणून. मोठी रक्कम मोजण्याआधी तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र मागा आणि त्यावरच्या छायाचित्रातले दाते, शिक्क्याची जागा आणि सेंटरिंग हातातल्या तिकिटाशी एकेक करून ताडून बघा. खरे प्रमाणपत्र आणि भलतेच तिकीट, अशी जोडीही विकायला येते.